आखूड पायाची शिडी

मित्रांनो, मी चर्चच्या मागच्या खोलीत आडवी ठेवलेली एक जुनी सागवानी शिडी आहे. तुम्ही चर्चमध्ये येता तेव्हा उंच खिडक्या पाहता, लखलखणारे दिवे पाहता, बाहेरची हिरवळ पाहता. मी दिसत नाही. दिसावे असे माझ्यात काही आहे, असे मलाही कधी वाटले नाही.

सुताराने मला घडवले तेव्हा माझा उजवा पाय किंचित आखूड राहिला. त्याने मला भिंतीला टेकवून हलवून पाहिले आणि डोके खाजवले. "थोडी डुगडुगते खरी. पण खाली कोणी धरणारं असलं की काही होत नाही."

धरणाऱ्या होत्या काकू. काका आणि काकू दोघे मिळून चर्चची आणि आवाराची देखभाल करत. काका माझ्यावर चढून काचा पुसत, दिवे बदलत, छपराच्या पन्हळीतला पाला काढत. काकू माझा उजवा पाय आपल्या पायाने दाबून खाली उभ्या राहत. त्यांचे तोंड अखंड चालू असे.

"अहो, वर डोळा लागला की काय?"

"तू बोलत असताना झोपायची कोणाची बिशाद आहे!"

"मग सोडू का शिडी?"

"सोड. उद्या कुंपणाची झाडं तूच काप."

काकूंनी कधी सोडली नाही. येणारे लोक म्हणत, चर्च किती छान ठेवले आहे! कोणी ठेवले, हे विचारायचे राहून जाई.

मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या. त्यांना निरोप द्यायला माणसे येणार म्हणून काकांनी त्या सकाळीही मला बाहेर काढले आणि सगळ्या काचा पुसल्या. माझ्या पायाशी त्यांनी वाळूचे पोते टेकवले होते. ते रडले नाहीत.

पुढे पोतेच मला धरू लागले. काकांचे एकही काम चुकत नसे. फक्त माझ्या पायऱ्यांवर त्यांचे पाय लाकडासारखे पडत. मी लाकूडच आहे, मला ते ओळखू येते. मधेच ते थांबून खाली पाहत आणि पुन्हा चढत. मला वाईट वाटे का? खरे सांगायचे तर मलाही काही वाटेनासे झाले होते. एके दिवशी पोते फाटले आणि वाळू गळू लागली. काकांनी ते पाहिले, पण पोते बदलले नाही.

एका रविवारी देखभाल करणाऱ्यांचे आभार मानायचे ठरले. त्या कार्यक्रमाच्या खुर्च्या सकाळी काकांनीच मांडल्या. नंतर आभाळ भरून आले आणि पन्हळ तुंबलेली दिसली, म्हणून ते मला घेऊन बाहेर आले. ते अगदी वर असताना आत त्यांचे नाव पुकारले गेले. टाळ्या वाजल्या. काकांनी मान वळवली नाही. पोत्यात वाळू उरली नव्हती आणि माझा पाय फरशीवरून सरकू लागला होता.

इतक्यात पियानो वाजवणाऱ्या बाई फुलांचा गुच्छ घेऊन बाहेर आल्या. पियानोवरच्या धुळीवरून काकांशी दर आठवड्याला भांडणाऱ्या त्याच या.

"आत सगळे शोधतायत तुम्हाला! आज तरी खाली राहायचं होतं!"

"पाला काढतो. येतो."

बाईंनी पोते पाहिले. गुच्छ गवतावर टाकून त्यांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"याला काय पोतं म्हणायचं? आणि गप्प काय बसलात वर? बोला काहीतरी, मी धरलंय खाली."

काकांनी खाली पाहिले. मग वरून आवाज आला.

"उजवा पाय दाबा. तो आखूड आहे."

बाईंनी दाबला. मी हलायची थांबले.

"टाळ्या संपल्या हो आतल्या," बाई म्हणाल्या.

"संपू दे. तुम्ही सोडू नका म्हणजे झालं."

मित्रांनो, काका अजूनही फारसे बोलत नाहीत. मला मात्र आता पोत्याला टेकून उभे राहावे लागत नाही. कुठे स्वच्छ खिडकी दिसली तर तुम्ही जरूर टाळ्या वाजवा. पण आधी बाहेर जाऊन एकदा पाहा, शिडी कोणी धरली आहे का.