परत मागितलेलं गाठोडं

एकोणीसशे अडुसष्ट साल. शर्टांच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती आणि काजं करणारी काजमावशी, कॉलर शिवणाऱ्या चिमणीच्या कानाशी लागली होती. "ते माझं गाठोडं परत दे गं."

"कुठलं गाठोडं?"

"ओरडतेस काय! ते. खुंटीवरचं."

सगळ्या बायकांत एकच खसखस पिकली. कापणीतून उरलेले मऊ सुती तुकडे घड्या करून प्रत्येक बाई आपलं गाठोडं आतल्या खोलीत खुंटीला टांगून ठेवी, त्या चार दिवसांसाठी. जिची पाळी कायमची थांबे तिने आपलं गाठोडं नव्या बाईला द्यायचं आणि बाकीच्यांनी "सुटलीस बाई" म्हणायचं, अशी तिथली रीत होती. मावशीने पन्नाशीला आपलं चिमणीला दिलं होतं. हसत दिलं आणि मोरीत जाऊन रडली. तिची कूस उजवली नव्हती. साऱ्या कारखान्याची मावशी, आई कुणाचीच नाही. आणि आता, तीन वर्षांनी, पुन्हा दिसू लागलं होतं.

"म्हातारपणी पालवी फुटली वाटतं!" इस्त्रीवाली म्हणाली.

"फुटली तर तुझ्या का पोटात दुखतंय?" मावशी नव्या नवरीसारखी लाजली.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. भिडस्त माणूस. जेवता जेवता थांबला, ताटाकडेच बघत म्हणाला, "मग... दूध घेत जा थोडं." दुसऱ्या दिवसापासून त्याने जादा दूध लावलं.

पलीकडच्या खोलीत थोरल्या जाऊबाई राहत. त्यांनी मात्र कपाळाला आठी घातली. "धाकटे, थांबल्यावर पुन्हा येणं बरं नव्हे. डॉक्टरीणबाईंना दाखव."

"जाऊबाई, तुमची चार झाली. माझं एकही बघवेना तुम्हाला?"

जाऊबाईंनी तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच.

महिने गेले. रक्त कधी थेंबभर, कधी कपडे भिजेपर्यंत. "इतक्या दिवसांनी आलंय, घडी बसायला वेळ लागणारच," मावशी म्हणे. चेहरा पांढराफटक पडला तरी तिला तो उजळल्यासारखाच वाटे. एके दिवशी ती यंत्रावरच कोसळली, तेव्हा जाऊबाई काही न विचारता तिला दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गर्भाशयाचा तुकडा तपासणीला पाठवला. आठवड्याने दोघींना समोर बसवलं.

"मावशी, पाळी थांबून वर्ष उलटलं, की नंतर दिसतं ती पाळी नसते. एक थेंब दिसला तरी यायला हवं होतं. लवकर आलं तर बहुतेक वेळा बरं करता येतं."

"मग ते काय होतं, बाई?"

"पिशवीत कर्करोगाची गाठ आहे. वाढलीय, बाहेरही पसरलीय."

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे काहीतरी वाढत होतं, हे खरंच होतं."

जाऊबाईंनी तिचा हात धरला. "जाऊबाई, त्या दिवशी मी फार लागट बोलले," मावशी म्हणाली.

"गप गं. लहान आहेस."

वर्ष पुरं व्हायच्या आत मावशी गेली. जाऊबाई अखेरपर्यंत उशाशी होत्या. पुढे सत्तरी उलटेपर्यंत जगल्या आणि भेटेल त्या बाईला, कान किटेपर्यंत, तीच एक गोष्ट बजावत राहिल्या. इस्त्रीवालीने पुन्हा कुणाची तशी थट्टा केली नाही. चिमणी मुकादम झाली. नव्या बाईच्या हाती गाठोडं जाताना कारखान्यात "सुटलीस बाई" म्हणणं बंद झालं. देणारीला चिमणी एवढंच म्हणे, "परत मागायला आलीस, तर हाताला धरून आधी दवाखान्यात नेईन."

आणि नवरा? दूधवाला दारात आला, की तो पूर्वीसारखंच मोठं भांडं पुढे करी. दूध तापवून, झाकून, तिची उशी असे तिथे ठेवी. चहा मात्र तो जन्मभर कोराच प्यायला.