माझ्यातून ग्रहण नका पाहू

मित्रांनो, मी एक जुना एक्सरे आहो. दिसाले काळाकुट्ट, पण एकदा सूर्य स्वतः माझ्यामागं येऊन उभा राह्यला होता. खोटं वाटते? ऐका.

माझ्यात सिंदेवाहीजवळच्या रिनाची हाडं आहेत. एवढीशी पोरगी. डावा खांदा जन्मापासून मानेजवळ वर चढलेला. तो हात डोक्यापर्यंत जातच नाई, वेणी मायच घालून देते.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं मले उजेडात धरलं अन् रिनाच्या मायले, बुधरीले म्हणाली, "हे खांद्याचं हाड पोटात असतानाच खाली उतरतं. हिचं वरच राहिलं. दोन फासळ्याही जुळल्यात. यात तुमची काही चूक नाही, बाई. लहानपणीच ऑपरेशन केलं तर हात बराच वर जाईल."

बुधरी मले छातीशी धरून घरी आली.

घरी सासू बसली होती, ठमाबाई. "ग्रहणात कोहळं कापलं हिनं, म्हणून पोरगी अशी झाली! त्याले डॉक्टर काय करन?"

झालं! ऑपरेशन राह्यलं, बुधरीले रोज टोमणे, अन् मले छपराच्या वाशात खोचलं. खरं सांगणाऱ्याले वाशात! उंदरानं माझा कोपरा खाल्ला. मले दात असते तर मी कोणाकोणाले चावलो असतो, इचारू नका.

मग एक दिवस ग्रहण लागलं. अन् पाहा नखरे! जो तो मलेच मागाले आला. ठमाबाईनंच मले ओढून काढलं, पदरानं पुसलं अन् डोळ्यापुढं धरलं.

"अगे माय! सूर्याले फासळ्या!"

"माझ्या आहेत त्या, आजी," रिना म्हणाली. "दोन जुळल्या, पाह्य. पण कोहळं कुठी आहे त्याच्यात?"

ठमाबाई मले उलटंपालटं करून पाहाले लागली. रिनानं अंगणातल्या गाभण बकरीकडं बोट केलं. "अन् थे? ग्रहणात कचाकचा पाला खाऊन राह्यली. तिचीही पिल्लं वाकडी होतीन का?"

काही दिवसानं बकरीले दोन पिल्लं झाली. अशी सरळ, अशी चपळ, की एक तर उडी मारून मोहाच्या झाडाच्या शेंड्यावर बसलं!

दुसऱ्या दिवशी ठमाबाई दुसरीकडंच पाहत म्हणाली, "बुधरे, ग्रहणाचं मी पाहून घेतो. तू पोरीले दवाखान्यात घेऊन जाय."

आज मी बसमध्ये आहो, रिनाच्या मांडीवर. मित्रांनो, माझ्यातून सूर्य पाहू नका, डोळे जातीन. पाहाचंच असन, तर मले पाहा.