कोवळी बोंडं

चिलगोज्यासारखे दाणे देणाऱ्या सनोबराच्या झाडावर तीन वर्षांची बोंडं एकदम लागलेली असतात. मुठीएवढी पिकलेली आकडीच्या लांब काठीनं पाडायची. पुढच्या वर्षीची अक्रोडाएवढी असतात, त्यांना आकडी लावायची नाही. त्याच्या पुढच्या वर्षीची तर वाटाण्याएवढीच. आमच्या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि माझा नवरा मिलहेम तर चाळीस हिवाळे झाडावर चढतोय. तो वर, मी खाली गोणी घेऊन.

या हिवाळ्यात झाडाखाली अक्रोडाएवढी बोंडं सापडायला लागली. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी ओंजळभर. मी ती गुपचूप कोटाच्या खिशात कोंबली आणि घरी जाऊन चुलीत घातली. घरी हा मेला कॉफीचा कप हवेत ठेवतो आणि वर मलाच विचारतो, "मेज सरकवलंस का?" डोळे गेले होते त्याचे, आणि कबूल करत नव्हता. बोभाटा झाला तर झाडांचा मालक खत्तार त्याला आकडीला हात लावू देणार नाही. नाही झाला, तर हा एक दिवस फांदी समजून हवेत पाय टाकणार.

आमचे चढणारे एका झाडावरून उतरून दुसऱ्यावर चढत नाहीत. शेजारची फांदी आकडीनं ओढायची आणि वरच्या वर पलीकडे जायचं. त्यातच त्यांची सगळी ऐट. तिसऱ्या दिवशी मिलहेमनं फांदीला आकडी टाकली, ती चुकली. पुन्हा टाकली, पुन्हा चुकली.

"तन्नूसच्या बापा, खाली ये. रोटी गार होतेय," मी नेहमीसारखी पोराच्या नावानं हाक मारली.

"ती सकाळपासून गारच आहे."

त्यानं खोडाला मिठी मारली. मग म्हणाला, "किती लपवलीस?"

"काय लपवलं?"

"बोंडं, बाई. एक कोवळं पडलं तर खालून माझ्या बापाचा उद्धार करायचीस. परवापासून तोंडातून चकार शब्द नाही. तेव्हाच समजलो मी."

मी गोणीचं तोंड आवळत राहिले.

"तू गप्प बसलीस की जमीन कुठं ते मला कळत नाही," तो म्हणाला. "शिव्या घाल, म्हणजे उतरतो."

"खत्तार पलीकडच्या बांधावर उभा आहे. त्याला ऐकू जाईल."

"जाऊ दे."

मग मी तोंड सोडलं. आंधळ्या, म्हटलं, पुढच्या वर्षाचं पीक मोडून ठेवलंस, तुझ्या बापानं माकडं पाळली असती तर त्यांनी बरं काम केलं असतं. खत्तार बांधावर थांबून ऐकत होता. मी रडत होते आणि बोलत होते, आणि मिलहेम माझ्या आवाजाच्या रोखानं एकेक पाय चाचपत खाली येत होता. त्याचा पाय जमिनीला लागेपर्यंत मी तोंड मिटलं नाही.