हातोडीसमोर डावरी

माझी धाकटी बहीण जेवते डाव्या हाताने, लिहिते डाव्या हाताने आणि मारतेही डाव्याच हाताने. म्हणून घरीदारी तिचं नाव पडलं डावरी. मी केस कापायचं दुकान चालवते. दुकानाच्या वरच्या मजल्यावर मास्तर बॉक्सिंग शिकवायचे. दिवसभर छतातून धबधब आवाज. गिऱ्हाईक दचकलं की माझी कात्री चुकायची. शेवटी वैतागून मी डावरीला वर पिटाळलं, "जा, जरा हळू मारा म्हणावं."

ती गेली ती संध्याकाळीच खाली आली. नाक लालभडक आणि तोंडभर हसू.

"ताई, उद्यापासून मीपण मारणार!"

हौशी बॉक्सिंगमध्ये ती वाऱ्यासारखी पुढे गेली. डोक्याला हेल्मेट, छोट्या लढती, पटकन ठोसा लावायचा, गुण मिळवायचा आणि निसटायचं. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरातलं कपाट बक्षिसांनी भरलं. आई म्हणायची, "एवढे कप आणलेस, पण चहा प्यायला एकही कामाचा नाही!"

मग ती व्यावसायिक झाली. हेल्मेट गेलं, ग्लोव्ह्ज पातळ झाले आणि पहिल्याच लढतीत, दुसऱ्या राउंडमध्ये, माझी बहीण आडवी झाली. घरी येताना गाडीत मास्तर बोलले.

"तू दारावर टकटक करून पळतेस. ती बाई दार तोडून आत आली. आता तू आत शिरायला शीक."

ती शिकली. पाय रोवून उभं राहायला, अंगावर घेऊन परत द्यायला. पुढच्या लढती तिने जिंकल्या. मास्तरांनी मलाही कामाला लावलं. म्हणाले, "कात्री धरणारीचे हात कापत नाहीत." तेव्हापासून लढतीत रिंगच्या कोपऱ्यात बादली, बर्फ आणि मलम माझ्याकडे.

अशात एक दिवस हातोडीच्या गोटातून निरोप आला. हातोडी म्हणजे त्या वजनगटाची चॅम्पियन. कितीतरी वर्षं तिला कुणी हरवलं नव्हतं. तिची पुढची लढत एका डावखुरीशी होती, म्हणून सरावाला डावखुरी मुलगी हवी होती.

मास्तर उखडले. "पगार घेऊन मार खायचा? आपण काय पोतं आहोत?"

"मास्तर, रोज तिच्यासमोर उभं राहायला मिळणार!" डावरीचे डोळे नुसते चमकत होते. "मी तर फुकटसुद्धा जाईन."

गेली. रोज तिचा फोन यायचा. "ताई, आज दोनदा पडले." मग, "आज एकदाच." मग, "आज पडलेच नाही." आणि एका दुपारी मी कुणाच्यातरी मानेवर वस्तरा धरलेला असताना फोन वाजला. पलीकडे ती कुजबुजत होती, पण आनंद काही मावत नव्हता.

"ताई, आज ती पडली!"

दुसऱ्या दिवशी हातोडीच्या मॅनेजरने डावरीची बॅग दाराबाहेर ठेवली. म्हणाला, सराव संपला.

हातोडीने ती लढत जिंकली. चॅम्पियनपदाच्या पुढच्या लढतीची जाहिरातही लागली, पण ऐनवेळी समोरच्या मुलीचा हात मोडला. तेव्हा खुद्द हातोडीने मास्तरांना फोन केला. मास्तर माझ्या दुकानातच दाढी करून घेत होते, गालाला साबण म्हणून फोन स्पीकरवर, त्यामुळे सगळं मलाही ऐकू आलं.

"तुमच्या डावरीला पाठवा."

"तिलाच का?"

"तिला माझ्या माणसांनी हाकललं, मी नाही. बंद खोलीत तिने मला पाडलं, ते माझ्या मनातून जात नाही. आता सगळ्यांसमोर बघू."

मास्तर अर्ध्या दाढीनिशी जिना चढून वर पळाले.

लढतीच्या दिवशी मी डावरीच्या घट्ट वेण्या घातल्या. सभागृह खचाखच भरलं होतं. सगळी माणसं हातोडीची; आमच्या बाजूने ओरडायला आई एकटी, पण तिचा आवाज दहा जणींचा! घंटा झाली आणि हातोडी नावाला जागली. ठोशांमागून ठोसे. तिसऱ्या राउंडमध्ये डावरीची भुवई फुटली. पाचव्यात ती गुडघ्यावर गेली. रेफरी मोजू लागला. आठाला ती उठली.

कोपऱ्यात आल्यावर मी भुवईवर मलम दाबलं. "दिसतंय का गं?"

"एका डोळ्याने दिसतंय. ती एवढी मोठी आहे, एक डोळा पुरे!" ती धापा टाकत हसली. "मास्तर, ती दमतेय. तोंडाने श्वास घेतेय."

"मग डोकं सोड. पोटावर जा," मास्तर म्हणाले.

सहावा राउंड, सातवा राउंड, डावरी पोटावरच मारत राहिली. लोक हळूहळू उभे राहू लागले. आठव्यात हातोडीने तिला दोरांपाशी कोंडलं आणि उजवा हात घुमवला. डावरी खाली वाकली, तो ठोसा डोक्यावरून गेला आणि तिचा डावा हात हातोडीच्या उजव्या बरगडीखाली, थेट यकृतावर बसला.

क्षणभर काहीच झालं नाही. हातोडीने एक पाऊल पुढेसुद्धा टाकलं. मग तिचा चेहरा पिळवटला आणि ती पोट धरून खाली बसली.

"एक! दोन!" रेफरीबरोबर सगळं सभागृह मोजायला लागलं. मास्तरांनी माझा दंड इतका आवळला की माझ्या हातातली बादली सुटली आणि बर्फ रिंगभोवती पसरला. हातोडीने एक गुडघा उचलला, पुन्हा टेकला. "नऊ! दहा!"

आई खुर्चीवर चढून नाचत होती. मी दोरांतून आत घुसले ती थेट डावरीच्या गळ्यात पडले. दोघीही रडत होतो, हसत होतो, काय करत होतो कुणास ठाऊक.

हातोडीला उठायला जरा वेळ लागला. उठल्यावर ती सरळ आमच्याकडे आली आणि तिने डावरीच्या मानेवर हात ठेवला.

"छान मारलंस. पण मी परत येणार. तयार राहा."

डावरीने गर्रकन माझ्याकडे वळून बघितलं. फुटकी भुवई, सुजलेले ओठ, आणि चेहऱ्यावर नुसता उजेड.

"ताई, ऐकलंस? ती पुन्हा माझ्याशी लढणार!"

तेवढ्यात आयोजकांनी चॅम्पियनचा पट्टा आणला. तो हातोडीच्या मापाचा, डावरीच्या कमरेवर ठरेचना. फोटो काढून होईपर्यंत मी मागून तो दोन्ही हातांनी धरून उभी होते.