दवाखान्याच्या भिंतीलगत

दवाखान्याच्या मागच्या कोपऱ्यावर नीळकंठराव वझलवार थांबले आणि त्यांनी डाव्या मनगटावर दोन बोटं टेकवली. शेजारी मधुकर खानझोडेही थांबले. एकाने नाडी बघितली की दुसऱ्यानेही बघायची, अशी त्यांची रीतच पडून गेली होती. दोघांचीही नाडी ठीक निघाली आणि फेरी पुढे सुरू झाली.

भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये फिरायला जागेची कमी नव्हती. मैदान होतं, झाडांखालचे रुंद रस्ते होते. पण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली मंडळी सकाळी फिरायची ती कारखान्याच्या दवाखान्यालाच वळसा घालून. कोसळलोच तर उचलून आत न्यायला कितीसा वेळ लागणार, असा त्यामागचा सरळ विचार. टवाळ पोरं याला प्रदक्षिणा म्हणत. म्हणेनात का, नीळकंठरावांचं काही जात नव्हतं. भिंत हाताशी आहे तोवर आपण आहोत, एवढं त्यांनी मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं.

उन्हाळ्यात झटका आला तेव्हा ते ड्रॉइंग ऑफिसात टेबलावर वाकलेले होते. अँजिओप्लास्टी झाली, जिवावरचं निभावलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की चालणं हवंच, पण हळूहळू जिनेही चढा, हलकी वजनं उचला, अंग मोकळं करा, शरीराला सगळंच लागतं. त्यातलं चालणं तेवढं नीळकंठरावांनी घेतलं, तेही सपाट रस्त्यावरचं. बाकी कशानेही छातीत धडधडायचं, आणि धडधडलं की पुन्हा झटका आला असंच वाटायचं. म्हणून भाजीची पिशवी उचलायची नाही, नातवाला कडेवर घ्यायचं नाही, मोठ्याने हसायचंसुद्धा नाही. चालून चालून पाय दणकट झाले. झोप मात्र उडाली ती उडालीच.

त्यांची बायको सुमित्रा लेडीज क्लबात जायची. तिथे पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलायच्या, एका पायावर तोल सांभाळायचा, उठाबशा काढायच्या. व्यायाम कमी आणि खिदळणं जास्त, असं नीळकंठरावांचं मत. पण गुडघ्यांनी बेजार झालेली ही बाई आता खाली मांडी घालून भाजी निवडत होती आणि पाठ टेकल्याबरोबर झोपत होती. तिच्या त्या झोपेचा त्यांना हेवा वाटायचा, रागही यायचा.

दिवाळीनंतर नीळकंठराव रिटायर होणार होते आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं. कोलार रोडवर त्यांनी फ्लॅट घेऊन ठेवला होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बाल्कनी मात्र ऐसपैस. सुमित्राने त्या बाल्कनीतल्या कुंड्यासुद्धा मनात मांडून टाकल्या होत्या. आता नीळकंठरावांनी धोशा लावला होता, की तो फ्लॅट विकायचा आणि इथेच दवाखान्यासमोर दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या. सुमित्रा भांडली, रडली आणि शेवटी नमली. तुमच्या जिवापेक्षा काय मोठं आहे, विका, म्हणाली. रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

गुरुवारी सकाळी खानझोडे कोसळले. तेही ऐन दवाखान्याच्या फाटकासमोर. चौकीदार धावला, लगोलग स्ट्रेचर आलं, डॉक्टर जागेवर होते, कशालाही उशीर झाला नाही. दोघांनी मनात योजून ठेवलं होतं तसं सगळं झालं, आणि खानझोडे गेले.

संध्याकाळी नीळकंठराव त्यांच्या क्वार्टरवर जाऊन बसले. खानझोड्यांची बायको कमलिनी रडत नव्हती. शेवटच्या घडीला तुम्ही जवळ होतात, बरं झालं, असं ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "खरं सांगू भाऊजी? हे मागच्या वर्षी झटका आला तेव्हाच गेले होते. तेव्हापासून या घरात नुसता एक घाबरलेला माणूस राहत होता. माझ्याशी बोलता बोलता नाडी बघायचे."

नीळकंठरावांनी आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सवयीने ते फाटकाशी गेले. चौकीदाराने विचारलं, "साहब, आज अकेले?" भिंत तिथेच होती, पण तिच्याकडे पाहून त्यांना पहिल्यांदाच थंडी वाजल्यासारखं झालं. फेरी न घालताच ते घरी परतले.

रविवारी दोघं रिक्षाने कोलार रोडला गेले. गिऱ्हाईक यायचं होतं. दर वेळी सुमित्रा एकटीच वर जायची आणि नीळकंठराव खाली कट्ट्यावर बसून राहायचे. आजही ती म्हणाली, तुम्ही बसा, मी झाडून ठेवते. नीळकंठराव मात्र तिच्यामागून जिन्यात शिरले. पहिला मजला गेला. दुसऱ्यावर कपाळाला घाम फुटला, छातीत दणके बसू लागले. त्यांनी कठडा पकडला.

"सुमित्रा, भीती वाटते गं मला."

इतक्या महिन्यांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. सुमित्रा दोन पायऱ्या खाली आली.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "रात्री तुमचा श्वास ऐकत पडून असते मी. तुम्हाला वाटतं, झोपलेय."

एवढे दिवस आपण एकटेच घाबरलोय, अशी त्यांची समजूत होती. आपल्या भीतीने हिलाही कोंडून घातलं, हे त्यांना त्या जिन्यात कळलं आणि फार वाईट वाटलं.

छातीत दुखतंय का, असं तिने विचारलं. दुखत नव्हतं, नुसतं धडधडत होतं. मग बसू जरा, म्हणत तिने त्यांना पायरीवर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली. हळूहळू धडधड ओसरली, आपोआप. मग ते उठले आणि एकेक पायरी थांबत थांबत तिसऱ्या मजल्यावर पोचले.

सुमित्राने कुलूप काढून झाडायला घेतलं, नीळकंठराव बाल्कनीत गेले. तिथून समोर नुसत्या इमारती आणि टेकडीची कड दिसत होती. दवाखाना कुठेच नव्हता. तेवढ्यात खालून गिऱ्हाइकाने हाक मारली, की ऊपर आ जाऊँ क्या.

नीळकंठराव कठड्यावरून वाकले. "भाईसाहब, माफ़ कीजिएगा," ते म्हणाले. आवाज कापत होता, म्हणून त्यांनी तो जरा मोठा केला. "नहीं बेचना है. हम लोग यहीं रहेंगे."

मागे झाडूचा आवाज थांबला. खालचा माणूस पुटपुटत स्कूटर वळवून निघून गेला, तरी कठडा सोडायला नीळकंठरावांना बराच वेळ लागला.