नीराबाईचं नाक आणि मी

“ह्या सुरमईचा घाण वास तुला येत नाय काय गं नीराबाई? का मुद्दाम माझ्या गळ्यात मारलीस?”

“तुझ्याच फ्रीजमध्ये कुजली असंल. नेलीस तवा ताजी होती.”

“माझ्या खानावळीत काल पाच जणांनी ताटं सरकवली. पाच!”

“मग पाच जणांना डाळभात घाल. मना मासा शिकवू नको.”

खानावळवाला शिवदास थळच्या बाजारात नीराबाईच्या पाटीसमोर उभा राहून बोंबलत होता. मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे आणि तेव्हा मी तिच्या हातात होतो. मला राग पटकन येतो. वाटलं, ह्याच्या नाकासमोरून एकदा सप्पकन जावं. पण शिवदास खरं बोलत होता. सुरमई कुजकीच होती आणि नीराबाईला ते कळलंच नव्हतं.

कळणार कसं? तिला वासच येत नव्हता. बाजारात हे दोघांनाच माहीत होतं. एक तिची जाऊ सगुणा, जी तिच्या बाजूला बसायची, आणि दुसरा मी.

आधीचं सांगतो. मी एका ट्रकच्या खालचा स्प्रिंगचा पाटा होतो. ट्रक भंगारात गेला, पाटा लोहाराकडं आला. त्यानं मला लाल करून बडव बडव बडवलं. नीराबाई तेव्हा नवी नवरी होती. तिनं अंगठ्यानं माझी धार बघितली आणि म्हणाली, “ह्यो माझा.” तिची पोरगी दिपाली आता एकोणीस वर्षांची आहे. मी तिच्याहून थोरला.

मोठ्यात मोठ्या घोळ माशाचा काटा मी एका घावात तोडायचो. पण बाजारात नाव माझं नव्हतं, नीराबाईच्या नाकाचं होतं. ती माशाचा कल्ला उचलायची, एकदाच हुंगायची. “सकाळची.” “कालची.” “ही तीन दिवस बर्फात निजलीय, हिला उठवू नका.” लोक हसायचे. कुणाचं भांडण लागलं की मासा उचलून तिच्यापुढं आणायचे. ती सांगेल ते शेवटचं.

मग कोरोना आला. घरात सगळ्यांना ताप आला, सगळ्यांचा वास गेला. महिन्याभरात दिपालीचा परत आला, नवऱ्याचा आला. नीराबाईचा नाही. “येईल गं,” सगळे म्हणायचे. शेवटी कंटाळून तिनं सांगून टाकलं, “आला.”

खोटं. मी बघत होतो ना. कल्ला नाकाशी न्यायची आणि डोळ्यांनी रंग बघायची. रंगावर काय जातं? बर्फातला मासा कितीतरी दिवस लाल दिसतो. मग ती पाटी हळूच सगुणाकडं सरकवायची. सगुणा हुंगायची आणि पायानं पाय दाबायची. एकदा म्हणजे ताजा, दोनदा म्हणजे टाकून दे.

“दिपालीला सांगू काय?” सगुणानं एकदा विचारलं.

“माझ्या गळ्याची शपथ हाय तुना. मासेवालीचं नाक गेलं कळलं तर कोण येईल माझ्याकडं?”

गळ्याची शपथ. मोडली तर ती मरणार. सगुणानं पुढचा मासा हुंगायला घेतला.

पुढच्या वर्षी नीराबाईच्या एका नाकपुडीतून रक्त यायला लागलं. बाजार उठल्यावर ती डोक्यावर पाटी घेऊन तशीच दवाखान्यात गेली. कंपाउंडरनं पाटी दारात ठेवायला लावली. मी त्याच पाटीत पडलेलो. डॉक्टरनं नाकात बॅटरी मारली आणि विचारलं, “मावशी, वास येतो ना नीट?”

“मासेवालीला नाय येणार तर कुणाला येणार, डॉक्टर?”

डॉक्टर हसला. बाकावर बसलेले हसले. सर्दी म्हणाला, थेंब लिहून दिले. विचारलं बरोबर होतं त्यानं. दारातून ओरडावंसं वाटलं मला. पण कोयत्याचं कोण ऐकतो?

मग ती बदलली. फणकाऱ्यानं बोलणारी बाई उगाच हसायला लागली. माशांचे वाटे घालता घालता उठून जायची, गिऱ्हाईक बघत राहायचं. एकदा मी तिच्या बोटावरून गेलो. पहिल्यांदाच. हाड दिसलं. ती बोटाकडं बघून हसली. घरात म्हणाले, पाळी जाताना बायकांचं होतं असं. बाजारात म्हणाले, पितेय. सगुणानं पाय दाबला तरी तिला आता समजेना. तशीच ती सुरमई शिवदासकडं गेली.

तर त्या भांडणात शिवदास बोलता बोलता थांबला. नीराबाईचे डोळे एका बाजूला फिरले. मी तिच्या हातातून सुटलो. ती ओट्यावरून खाली पडली आणि हातपाय झाडायला लागली.

“फिट आली! कांदा आणा, कांदा!”

शिवदासनंच मला उचललं, माझ्याच धारेनं कांदा फोडला आणि तिच्या नाकाला लावला. काही नाही. कुणी चप्पल काढून धरली.

“अजून जवळ धर!”

“नाकावर दाब ना, काय बघतोस!”

आणि सगुणा किंचाळली, “अरे, तिला वास येत नाय रे! तीन वर्षं येत नाय!”

शिवदासच्या हातात अर्धा कांदा तसाच.

पुढचं मी बघितलं नाही. दिपाली पडवीत सगुणाला सांगत होती, मी खुंटीला होतो, ते ऐकलं. नीराबाईला मुंबईच्या इस्पितळात नेलं, तिथं सगळे आधी फेफरं फेफरं करत होते. दिपालीनं वासाचं सांगितलं तशी डॉक्टरीण खुर्चीत सरळ बसली. नाकाचा आणि मेंदूचा, दोन्हींचा एमआरआय काढला. नाकाच्या पार वर, वास जिथं कळतो तिथंच गाठ उगवली होती. वरचं हाड खाऊन मेंदूत शिरली होती. तुकडा काढून तपासला तर आजाराचं एक नाव आलं. डॉक्टरणीला पटेना. दुसरीकडं पाठवला, तिथं वेगळंच नाव आलं. नाव ठरेपर्यंत तीन आठवडे गेले. “अशी गाठ मी आजवर चारदाच बघितलीय,” डॉक्टरीण म्हणाली. “लवकर आला असतात तर...”

“शपथ मोडली तर ती मरंल म्हणून मी बोलले नाय,” सगुणा म्हणाली. “आता काय होतंय गं?”

दिपालीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

ऑपरेशन झालं. निघाली तेवढी गाठ काढली. मग लाईट दिली, म्हणजे रेडिएशन. परत वाढली. आता औषध फक्त दुखू नये म्हणून आहे.

नीराबाई पडवीत बसते. दिपालीला विचारते, “बाय, तू कुणाची?” परवा मला खुंटीवरून काढून तिनं उशी कापून तिचे वाटे घातले. एकदम एकसारखे. हात विसरलेला नाही. काल शेजारणीचं तान्हं पडवीत निजलं होतं आणि ती मला घेऊन त्याच्याकडं निघाली. दिपालीनं मनगट धरलं म्हणून वाचलं.

मित्रांनो, मला तेल लावा, गंजू देऊ नका, असं काही मी सांगणार नाही. घरातलं माणूस काही लपवत असेल आणि तुम्हाला शपथ घातली असेल, तर मोडा. डॉक्टरपुढं तोंडावर मोडा. ते चिडेल, चिडू दे. नीराबाई त्यानं वाचली असती का, मला माहीत नाही. आता तर नाहीच वाचत.

सगुणा पोतं घेऊन आलीय. मला समुद्रात टाकते म्हणाली. दिपाली आत गेली, तिला बघायचं नाही. सगुणा मला पोत्यात गुंडाळतेय.

“कुणाचा गं ह्यो कोयता?” नीराबाई विचारतेय, हसतेय.

“कुणाचा नाय,” सगुणा म्हणाली.

मला आता निघायला हवं.