मडीतला पाय

साहेब, गुन्हेगार तुम्ही आहात. माझ्या अक्काचा पाय कापलात म्हणून नव्हे. सिटी मार्केटच्या वळणावर लॉरीने तो चिरडला होता. विष अंगात चढायच्या आत तुम्ही तो मांडीपासून कापलात आणि ती जगली. त्याबद्दल हात जोडतो. गुन्हा पुढचा आहे. तुम्ही तिला नवा पाय दिलात, पण तो पाय घेऊन ही बाई जाणार कुठे, हे कुणाला विचारलं नाहीत. तिलाही नाही.

अनुसूयाक्का माझी थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा झाली, आमच्याकडे चामराजपेठेत आली आणि आल्या दिवसापासून चूल तिने घेतली. नुसती आमची नव्हे. आमच्या लोकांत कुणाकडे श्राद्ध असो, आराधना असो, मडीतल्या स्वयंपाकाला अक्कालाच बोलावणं. मडी म्हणजे आमचं कडक सोवळं. पहाटे विहिरीवर न्हायचं, उंच काठीवर वाळवलेलं लुगडं नेसायचं, पानं उठेपर्यंत कुणाला शिवायचं नाही. चामडं तर उंबऱ्याच्या आत येतच नाही. या मडीशी माझं जन्माचं भांडण आहे आणि ते मी घरात रोज भांडतो. पण ते माझं भांडण आहे, साहेब. तुमच्या दवाखान्याचं नव्हे. श्राद्धाच्या जेवणाची स्तुती करू नये म्हणतात, तरी आमचे भटजी अक्काचे आंबोडे, म्हणजे डाळीचे वडे, तिसऱ्यांदा मागून घ्यायचे. एवढ्यावर ती बाई महिनाभर खूश असायची.

तुमच्याकडे तुम्ही तिला दोन दांड्यांमधून चालवलीत, पायऱ्या चढवल्यात, खुर्चीत बसवलीत, खुर्चीतून उठवलीत. आमच्या घरात खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर गाद्या रचलेल्या असतात. बाहेरचे पाहुणे आले की तुम्ही अक्काला चालून दाखवायला लावायचात. लाकडी पाय, गुडघ्याला लोखंडी बिजागरी, मांडीला चामड्याची वाटी, कमरेला चामड्याचा पट्टा, आणि खाली चक्क बूट.

"दुखतं का, अम्मा?" एवढंच तुम्ही विचारायचात.

"इल्ला, नाही," ती म्हणायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे.

घरी पहिल्याच सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली आणि थांबली. माझी बायको पद्मावती आत होती.

"या की, अक्का."

"कशी येऊ? बूट घालून चुलीपाशी?"

"बूट काढा मग."

"बूट काढला तर वर चामडं आहे. चामडं काढलं तर मी पडते. अय्यो, माझा पायच मडीला चालत नाही गे!"

दोघी हसत सुटल्या. ते हसणं एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी अक्काने तोड काढली. मडीत जे हवं ते धुऊन घ्यायचं, हा तिचा नेम. तिने बूट उपटला, पाय विहिरीवर नेला, शिकेकाई लावून बिजागरीसकट घासला आणि लुगड्याशेजारी काठीवर उलटा टांगला. मग रोज हेच. कित्येकदा ओलाच चढवायची.

मी ओरडलो, "अक्का, धुतल्याने चामड्याचं रेशीम होतं काय?"

"तू गप बस, बिंदू. न धुता तर आत आणला नाही ना? पुढचं देव आणि मी बघून घेऊ."

दिवाळीपर्यंत चामड्याचा पापड झाला. बिजागरी गंजली, लाकूड फुगून तडकलं आणि तिच्या मांडीला जखम झाली. मी तिला घेऊन तुमच्याकडे आलो. तो पाय तुम्ही टेबलावर आपटलात. आठवतं?

"सरकारी वस्तूची ही दशा! असल्या अडाणी बायकांवर मेहनत फुकट जाते. आता दुसरा पाय नाही. घरी जमत नसेल तर निराधार बायकांच्या आश्रमात पाठवा. आयतं जेवण मिळेल."

लॉरीखाली अक्का रडली नव्हती. तिथे रडली.

व्यायाम शिकवणाऱ्या क्षमाबाई तुमच्याच हाताखालच्या. जयनगरच्या, घरी मराठीच बोलणाऱ्या. त्या बाहेर व्हरांड्यात आल्या, अक्काच्या शेजारी बसल्या.

"अक्का, पाय पाण्याने धुतलात का हो?"

"होय."

"का?"

एवढा एकच शब्द, साहेब. पण तो तुमच्या अख्ख्या इमारतीत तिला पहिल्यांदा ऐकू आला. मग अक्का बोलत राहिली, क्षमाबाई ऐकत राहिल्या. आणि रविवारी त्या आमच्या दारात हजर. पद्माने त्यांना आधी न्हायला लावलं, मगच चुलीपाशी येऊ दिलं. मला लाज वाटली. त्या मुकाट्याने न्हाल्या.

"अक्का, मला काय शिकवायचंय ते राहू द्या. तुम्हाला स्वतःच्या हाताने काय करायचंय?"

"हुळीचं, तुमच्या आमटीचं, पातेलं चुलीवरून मलाच उतरवायचंय."

"दुसऱ्याने उतरवलं तर?"

"मग ती त्याची हुळी."

क्षमाबाईंनी पदर खोचला, आपला एक पाय दुमडून पंच्याने बांधला आणि पाटावर बसून चुलीपासून पाण्याच्या हंड्यापर्यंत सरकत निघाल्या. मध्येच कलंडल्या.

"स्वल्प डाव्या हाताने टेका!" अक्का ओरडली. "अशाने माझी हुळी सांडेल!"

पद्मा पोट धरून हसत होती. पण हसता हसता तिघींनी दुपारपर्यंत सगळं ठरवलं. बाहेर हिंडायला तोच चामड्याचा पाय दुरुस्त करून, तो उंबऱ्याबाहेर राहील. आत एक साधा लाकडी खुंट, चामडं नाही, बिजागरी नाही, बांधायला सुती नेवारीचा पट्टा. पट्टा रोज धुवा, वाळवा. खुंट नुसता पुसा. चुलीमागच्या भिंतीला बसल्या बसल्या धरता येईल असा दांडा. आणि दवाखान्यात महिनाभर वेगळे धडे: जमिनीवर उतरायचं कसं, उठायचं कसं, बसून जड पातेलं उचलताना तोल कसा राखायचा. वाढायला पद्मा जाईल, हे अक्काने आपणहून सांगितलं. पंक्तीतून फिरणं तिने सोडलं. चूल सोडली नाही.

हे सगळं घेऊन क्षमाबाई तुमच्या खोलीत आल्या. मी दाराशी उभा होतो.

"आम्ही माणसांना उभं करतो," तुम्ही म्हणालात, "जमिनीवर सरपटायला शिकवत नाही. आणि कुणाच्या सोवळ्यासाठी सरकार लाकूड देत नाही."

सरपटायला? तुमच्या आईने तुम्हाला कुठे बसून जेवू घातलं, साहेब? टेबलावर? अक्काने उद्या मडी सोडली तरी आमची चूल जमिनीवरच राहणार आहे. या गावात हजार घरांत ती जमिनीवरच आहे. तुम्ही माणूस उभा करता आणि वळून बघतही नाही, की घरी गेल्यावर त्याला बसायचं होतं.

परवा बसवनगुडीच्या आप्पाजींचा निरोप आला. त्यांच्या वडिलांचं श्राद्ध आहे. "अक्का येणार की दुसरी बाई बघू?" अक्काने त्यांना थांबायला सांगितलंय. जखम भरत आलीय. दुपारी सगळे निजले की ती पाटावर रिकामं पातेलं घेऊन सरकून बघते. एकदा पडली. पद्माने उचललं, तर तिच्यावरच चिडली.

आणि आज ती माझ्याबरोबर आली आहे. तुमच्या दाराबाहेर बाकावर बसली आहे. जुन्या पायाची दुरुस्ती, नेवारीच्या पट्ट्याचा खुंट आणि महिनाभराचे धडे, देणार की नाही? कागदावर शेरा मारू नका. क्षमाबाईंना मध्ये घालू नका. बाहेर या, तिच्या तोंडाकडे बघा, आणि काय ते तिला सांगा. आम्ही उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही. सांगा, साहेब.